तीन टोले

कच्ची वीट पावसात फुटत नाही. आधी तिचे कोपरे जातात, मग ती मधे खचते, आणि शेवटी शेजारच्या विटेच्या गळ्यात पडून दोघींचा मिळून एक चिखल होतो. त्या वर्षी हंगाम निम्म्यावर आलेला असताना, आभाळाला काही कारण नसताना, दुपारभर असा पाऊस कोसळला की भट्टीवरच्या सगळ्या बिऱ्हाडांची मेहनत पुन्हा जमिनीला मिळाली.

पाऊस थांबल्यावर मुकादम छत्री मिटत आला. सगळ्या मैदानावरून नजर फिरवून म्हणाला, "चला, माती कुठं पळून गेली नाही. इथंच आहे. पुन्हा थापा."

हा विनोद होता. कुणी हसलं नाही, म्हणून तो स्वतःच हसला. वितळलेली वीट थापलीच नव्हती असं धरायचं, हा त्या भट्टीचा रिवाज होता. गेलेलं काम भरून निघेपर्यंत कुणी भट्टीबाहेर पाय टाकायचा नाही, दवाखान्यापुरताच काय तो, असंही त्यानं जाता जाता सांगितलं. बायकांनी ओले पदर पिळले आणि चूल पेटते का ते बघायला गेल्या.

भट्टीवर दोन सख्ख्या बहिणी होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीचा नवरा मिस्त्री. वाळलेल्या विटांच्या थप्प्या रचायच्या आणि भट्टी लावायची, हे त्याचं काम. बोलायला कंजूष माणूस, पण त्याची थप्पी कधी पडली नव्हती आणि तेवढा एकच अभिमान त्याला परवडत होता. त्यांना मूल नव्हतं. धाकटीला दोन होती. पहिल्या नवऱ्याची एक मुलगी, आणि तो वारल्यावर जो केला त्याचा एक तान्हा मुलगा. दुसरा नवरा इतका उंच की झोपडीत वाकूनच उभा राही. त्याला सगळे बांबू म्हणत आणि तोही त्या नावाला हसून ओ देई.

बांबूबद्दल भट्टीवर कुणाचं वाईट मत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कामाला वाघ. कुणाची खाट मोडली तर न सांगता बसवून देणार, म्हाताऱ्यांचे घडे भरून आणणार. बायकांशी थट्टा करायचा पण पायरी सोडून नाही. झोपडीचं दार लागलं की आत कोण असतं ते फक्त तिघांना माहीत होतं, आणि त्यातलं एक तान्हं होतं.

धाकटीच्या मुलीला ठिपकी म्हणत. तोंडावर कायम चिखलाचे शिंतोडे, म्हणून ठिपकी. वय पाच-सहा. काम, विटा पालटायच्या. साच्यातून काढलेली वीट एका अंगानं सुकली की तिला कडेवर उभी करावी लागते. मोठ्या माणसाच्या हातानं ती दबते आणि पाय पडला तर संपलीच, म्हणून हे काम लहान पोरांकडे असतं. ओळींमधून पाऊल न चुकवता ती अशी चालायची की थोरली आपला साचा विसरून बघत राहायची.

"नाचतेस का गं काम करतेस?"

"दोन्ही," ठिपकी म्हणायची.

पाऊस आला तेव्हा बांबूच्या विटांवर ताडपत्री ओढायचं काम तिच्याकडे होतं. ताडपत्री तिच्या चौपट. वाऱ्यानं ताडपत्रीही गेली आणि ती धरून लोंबकळणारी पोरही चार हात फरफटत गेली. विटा वितळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीचा डावा हात मनगटाजवळ टम्म सुजलेला होता.

"पडली," धाकटी म्हणाली. तिनं बहिणीकडे न बघता गोळूला दुसऱ्या कडेवर घेतलं. गोळू म्हणजे तो तान्हा. "चिखल होता ना. घसरली."

"मी नेते दवाखान्यात."

"ने बाई. मला काम आहे."

दवाखान्यातल्या नर्सनं हात पाहिला, मग पोरीला वळवून तिचा फ्रॉक मागून वर केला. पाठीवर जुन्या हिरवट डागांवर नवे निळे उठले होते.

"पाठीवरपण घसरली का?"

 उत्तर ठिपकीनंच दिलं. "मी फार पडते," ती म्हणाली, आणि हे तिनं इतकं घोटून म्हटलं की थोरलीनं पुढं होऊन तिचा फ्रॉक खाली ओढला.

नर्सनं हाताला लाकडी पट्टी बांधली. पोरीला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटलं. "बालसंरक्षणाच्या ऑफिसात कळवते. तिथून एक बाई येतील. पोरीला बघतील, चार माणसांना विचारतील. वाटलं तर काही दिवस दुसरीकडे ठेवतील."

"माझ्याकडे ठेवतील का?"

"ते त्या ठरवतील. तुम्ही फक्त खरं सांगायचं."

"माझं नाव नको पुढं यायला. बहीण आहे ती माझी."

"नाही येणार."

येताना ठिपकीनं पट्टी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली होती. वाटेत भेटलेल्या कुत्र्यालाही दाखवली. थोरलीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. तिनं मनातल्या मनात झोपडीतली जागासुद्धा ठरवली. मिस्त्री दाराशी झोपेल, आपण मधे, आणि भिंतीकडे ही.

ती बाई कशी असेल याचा तिनं पुष्कळ विचार केला. सरकारी बाई म्हणजे तिनं पाहिलेली एकच, ही नर्स. तेव्हा तीही अशीच असणार, खांद्याला पिशवी लावून मागच्या पायवाटेनं चालत येणार. आपण तिला वाटेतच गाठू आणि कुणाच्या कानावर न जाता सगळं सांगू. दोन दिवस ती माती आणायच्या निमित्तानं पायवाटेकडे बघत राहिली.

इथं भट्टीवरची एक रीत सांगायला हवी. मागच्या हंगामात कामगार खात्याचा साहेब आला होता, पोरं कामाला लावता म्हणून. त्यानं एका बाईला दरडावून तिच्या लपलेल्या मुलाला हाक मारायला लावली. मूल आईची हाक ऐकून बाहेर आलं. मालकाला समज मिळाली आणि त्या बिऱ्हाडाला त्याच दिवशी गाडग्यामडक्यांसह रस्ता. भर हंगामात काढलेल्या माणसाला दुसरी कुठलीही भट्टी उभं करत नाही. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला एक रिकामं पिंप पालथं ठेवलेलं होतं. अनोळखी गाडी दिसली की जवळ असेल त्यानं पिंपावर फावड्याचा एक टोला मारायचा. एक टोला म्हणजे लपा. गाडी गेली की तीन टोले, म्हणजे या.

लपायची जागा मिस्त्रीनं केली होती. एक थप्पी आतून पोकळ. बाहेरून बघणाऱ्याला चारचौघींसारखी, मागच्या अंगाला गुडघ्याएवढं भोक आणि त्यावर ताडपत्रीचा तुकडा. पोरं तिला 'घर' म्हणत. पाऊस आला तेव्हा मिस्त्रीनं सगळं सोडून आधी तीच झाकली होती.

आणि पोरांना शिकवलं होतं थोरलीनं. तिला स्वतःचं मूल नाही म्हणून हे काम तिच्याकडे आलं होतं. "कुणीही हाक मारली तरी यायचं नाही. आईनं मारली तरी नाही. मी मारली तरी नाही. काय ऐकल्यावर यायचं?"

"तीन टोले!" पोरं ओरडायची.

"आणि आत कसं बसायचं?"

पोरं ओठांवर बोट ठेवायची. जास्त वेळ न हलता बसेल तो जिंकला. ठिपकी दर वेळी जिंकायची. न हलता बसायचा सराव तिला घरातूनच होता.

बाई आली ती पायवाटेनं नाही, रस्त्यानं, आणि जीपमधून. पांढरी जीप, दारावर अक्षरं. ती वाचू शकणारा एकटा मुकादम, तो तेव्हा भट्टीच्या माथ्यावर राख ओढत होता. कुणीतरी पिंपावर टोला हाणला.

थोरली चिखल तुडवत होती. टोला ऐकताच तिच्या डोक्यात काही आलं नाही, नुसते पाय उचलले गेले. चिखलानं भरलेल्या हातांनी तिनं ओळींमधल्या पोरांना ढोरांसारखं हाकललं, ताडपत्री उचलली, एकेकाचं डोकं खाली दाबून आत ढकललं. ठिपकी शेवटी. आधी पट्टीचा हात, मग डोकं, मग बाकीची. ताडपत्री सोडून ती वळते तोवर जीपमधून एक बाई उतरून चिखलातून येत होती.

तिशीची असेल. खांद्याला पिशवी होती खरी. चेहरा असा की सकाळपासून पाणीही प्यायलेली नसावी.

"नमस्कार. इथं लहान मुलं आहेत का?" तिनं समोर दिसली तिलाच विचारलं.

"नाहीत," थोरली म्हणाली. "एकही पोर नाही इथं."

हे वाक्य तिनं पोरांना शिकवता शिकवता स्वतःलाही शिकवलं होतं. तोपर्यंत मुकादम धापा टाकत खाली आला. बायका हात पुसत जमल्या. साचा धुता धुता बांबूही येऊन उभा राहिला.

"पोरं सगळी तिकडं आजी-आजोबांकडं, शाळेत," मुकादम म्हणाला. "इथं ठेवतच नाही आम्ही."

"मी कामगार खात्याची नाही. बालसंरक्षणाकडून आलेय. मला एकाच मुलीची चौकशी करायची आहे. पाच-सहा वर्षांची. डाव्या हाताला पट्टी बांधलेली आहे."

 ही ती. जिच्यासाठी दोन दिवस डोळे लावले होते ती ही, आणि आपण तिच्या तोंडावर दार लावून बसलो. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली मान घालून गोळूची टोपी सारखी करत होती. त्याला लपवायला तिला वेळच मिळाला नव्हता. तान्हं विटा पालटत नाही म्हणून कुणी काही बोललंही नाही. बांबू साच्याच्या कोपऱ्यातली माती नखानं काढत होता. आता त्याचं लक्ष साच्यात नव्हतं.

"अशी कुणी नाही बाई," मुकादम म्हणाला. "पत्ता चुकला असेल. भट्ट्या काय थोड्या आहेत?"

बाई ऐकून माघारी फिरली नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ती थप्प्यांच्या ओळीकडे चालत निघाली. पण चिखलाला सरकारी माणसाची भीती नसते. चार पावलांवर तिची चप्पल रुतली, तिनं जोरात ओढली आणि अंगठा तुटला. तोल सावरायला तिनं शेजारच्या थप्पीला हात टेकला आणि एका पायावर उभी राहून चप्पल बघू लागली. बायका पदरात हसल्या. बाईचे कान लाल झाले.

ती थप्पी पोकळ होती.

थोरली तिला हात द्यायला पुढं गेली. दोघी जवळ आल्यावर बाई हळूच म्हणाली, "मावशी, खरंच कुणी नाही का? मी त्रास द्यायला नाही आले. पोरीसाठी आलेय."

आत अकरा पोरं श्वास धरून बसली होती. ताडपत्री उचलायला किती वेळ लागतो? पण एक पोर बाहेर आलं की अकरा येणार. अकरा पोरांची सात बिऱ्हाडं संध्याकाळी रस्त्यावर, आणि थप्पी पोकळ कुणी रचली म्हणून सगळ्यात आधी मिस्त्रीला धरणार. मागं बायका उभ्या होत्या. त्या आता हसत नव्हत्या. पाच पावलांवर बांबू होता.

"नाही," थोरली म्हणाली.

रस्त्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाईनं त्याला हातानं थांब म्हटलं, मग थोरलीला सांगितल्यासारखं म्हणाली, "एवढ्या सगळ्या भागाला आम्ही दोघीच आहोत. आणि गाडी एक." तुटकी चप्पल हातात धरून ती एक पाय अनवाणी अशी जीपकडे गेली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तीन टोले पडले. पोरं रांगत बाहेर आली, डोळे चोळत, एकमेकांना ढकलत. ठिपकी शेवटी आली आणि थेट थोरलीकडे धावली.

"मावशी, ती बाई माझंच विचारत होती ना? पट्टीवाली म्हणजे मीच ना?"

"हळू बोल."

"मला फटीतून तिचा पाय दिसत होता. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं! पण मी हललेच नाही." ती शाबासकीची वाट बघत उभी राहिली. थोरलीनं तिच्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवला. दुसरं काय करणार?

बांबू जवळ आला. हसतच होता. "आमच्या पोरीवर कुणाची तरी फार माया दिसते," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. मग थोरलीला, त्याच हसऱ्या तोंडानं, "ताई, उद्यापासून पोर तुमच्याकडे नको. तिला घरचं वळण लागायला पाहिजे."

त्या संध्याकाळी धाकटी थोरलीला पाण्याच्या हौदावर एकटी सापडली.

"तू सांगितलंस का गं?" धाकटीनंच विचारलं.

"मी कशाला सांगू?"

"नर्सकडे तूच नेली होतीस."

"तूच ने म्हणालीस."

धाकटीनं घडा पाण्यात दाबला. घडा भरून बुडबुडे थांबले तरी ती दाबूनच होती. "त्याला सोडून कुठं जाऊ मी? दोन पोरं घेऊन? तू ठेवशील? तुझ्या त्या एवढ्याशा खोपटात? चार दिवस ठेवशील. मग तोच येईल न्यायला, आणि मग काय होईल ते मलाच माहीत."

थोरलीला म्हणायचं होतं, ठेवीन. ती म्हणाली, "पोरीला तरी दे." धाकटी घडा उचलून निघून गेली.

मिस्त्रीकडे फोन होता. थोरलीनं जेवताना म्हटलं, "नर्सला लावा. म्हणावं, परत पाठव त्या बाईला."

"आणि काय सांगणार? की होती, पण आम्हीच लपवली?"

"हो."

"त्यांनी विचारलं कुठं लपवली, तर?"

मिस्त्रीनं फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. त्याला पोरीची काळजी नव्हती असं नाही. गेल्याच आठवड्यात त्यानं तिला मातीची चूल करून दिली होती. पण घाबरलेल्या माणसाची माया अशीच असते, हात पोचेल तेवढीच. उद्या दवाखान्याचं काहीतरी निमित्त काढून आपणच जाऊ, असं थोरलीनं ठरवलं. उद्या मुकादमानं तिला सोडलं नाही. परवाही नाही.

या दिवसांत ठिपकी लांबून दिसायची. एका हातानं विटा पालटायची. पट्टीचा हात मधे येऊन विटेला पोचा पडायचा आणि ती मान वर करून आधी बांबू कुठं आहे ते बघायची. नाच बंद झाला होता. थोरलीकडे पाहून ती हसायची मात्र, आणि ओठांवर बोट ठेवून दाखवायची. जिंकतेय, असं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी थोरली मातीच्या खड्ड्यात होती. ऊन डोक्यावर आलं होतं. वर धाकटी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, आणि गोळूला तिनं इतका आवळून धरलेला की तो रडायचाही थांबला होता.

"थप्पी पडली," धाकटी म्हणाली. "तिच्या अंगावर थप्पी पडली."

थोरलीनं खड्ड्याच्या काठावरून मैदानाकडे पाहिलं. सगळ्या थप्प्या उभ्या होत्या. ती झोपडीपर्यंत पोचली आणि परत बाहेर आली तेव्हा एक पडलेली होती.

मुकादम तिथं उभा होता. बांबू जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून हुंदके देत होता, आणि ते हुंदके खोटे नव्हते. थोरलीला त्याचाच जास्त राग आला. दोन माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"माझी थप्पी पडत नाही," मिस्त्री म्हणाला.

मुकादमानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्या पोकळ थप्पीकडे पाहिलं.

"ओल धरली असेल खालून," मिस्त्री म्हणाला आणि खाली वाकून पडलेल्या विटा गोळा करायला लागला. इतकं हरलेलं माणूस थोरलीनं पूर्वी पाहिलं नव्हतं.

पोरीला शेवटची अंघोळ थोरलीनं घातली. धाकटीच्या हातून होईना. विटेनं लागतं तसं त्या अंगावर काही नव्हतं. जे होतं ते बोटांचं होतं, मानेच्या दोन्ही बाजूंना. तोंडावरचे चिखलाचे ठिपके थोरलीनं पुसले आणि खाली निराळीच पोर निघाली, गोरटेली, दमलेली. हाताची पट्टी सोडायची का ठेवायची हे कुणाला विचारावं ते तिला कळेना. तिनं ठेवली. मुकादमाच्या घाईनं ऊन उतरायच्या आत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर होते, कारण माती भिजवून ठेवलेली होती.

पट्टी बदलायला पोर आली नाही म्हणून नर्सनं चौकशी केली आणि जे कळलं ते ऑफिसात कळवलं. जीप पुन्हा आली. पिंपावर एक टोला पडला. पोरं पळाली. एका मोठ्या मुलीनं जाता जाता धाकटीच्या कडेवरचा गोळू ओढून आपल्या कडेवर घेतला आणि तीही ताडपत्रीखाली गेली. ठिपकीचं झाल्यावर आता बांबूच्या घरातलं दुसरं मूलही कुणाला दिसायला नको होतं, म्हणून तान्ह्यालाही सूट नव्हती. थोरलीनं हात लावला नाही. आता लावायची गरजही नव्हती, इतकं तिनं चांगलं शिकवलं होतं.

या खेपेला बाईबरोबर एक हवालदार होता. तो जीपला टेकून उभा राहिला. बाईच्या पायात बूट होते. पाच-सहा दिवसांत ती पाच-सहा वर्षांनी मोठी झाल्यासारखी दिसत होती. ती कुणाकडे न बघता थोरलीपाशी आली.

"मी आले होते त्या दिवशी ती इथं नव्हती ना?" तिनं विचारलं. "तुम्हीच म्हणालात नाही. मी तसंच कळवलंय, मुलगी जागेवर नाही म्हणून. नंतर आली असेल ना ती?"

तिच्या आवाजात विनवणी होती. थोरलीला ते समजलं. 'नव्हती' म्हटलं की ही बाई आज झोपू शकेल. मिस्त्री सुटेल, मुकादम सुटेल, सात बिऱ्हाडं सुटतील, धाकटीचं कुंकू राहील, आणि आपणही त्या दिवशी कुणाला लपवलं नव्हतं असं होईल. ज्या एकटीला याचं वाईट वाटलं असतं, ती आता उरलीच नव्हती. वितळलेली वीट थापलीच नव्हती असं धरायचं, तसंच हे.

"नव्हतीच," मुकादम मधेच म्हणाला. "मामाकडं होती. दोन दिवसांनी आली आणि हे झालं. नशीब पोरीचं."

बाईनं मान हलवली. डोळे मिटून उघडले. मग जाता जाता विचारायचं म्हणून तिनं बांबूकडे वळून विचारलं, "घरात आणखी लहान मूल आहे का?"

"नाही," बांबू म्हणाला.

"मागच्या वेळी यांच्या कडेवर होतं."

"ते शेजारचं. सांभाळत होती."

बाई धाकटीकडे वळली. "तुमचं नाही?"

धाकटीचा पदर दुधानं ओला झाला होता. तिनं थोरलीकडे पाहिलं. लहानपणी काही सांडलं की अशीच बघायची. ताई, सांगू नकोस ना. मग तिनं मान हलवली.

"नाही," ती म्हणाली.

थप्पीतून हूं की चूं नाही. तान्हंसुद्धा गप्प. त्या मुलीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला असणार. आत कसं बसायचं ते सगळ्यांना पाठ होतं.

थोरली वळली आणि थप्पीशी जाऊन तिनं ताडपत्री ओढून काढली. "या," ती आत तोंड घालून म्हणाली. "बाहेर या रे."

अंधारात डोळे चमकत होते. कुणी हललं नाही. तिनं एकेकाला नावानं हाक मारली. पोरांनी ओठांवरची बोटं आणखी घट्ट दाबली. एक मुलगा तर तिच्याकडे बघून हसला, मावशी आपली परीक्षा घेतेय म्हणून.

"थोरले," मुकादम मागून म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं?"

ती उठली. बायका तिच्या वाटेत आल्या, एकीनं दंड धरला. "आमच्या पोटावर पाय देतेस का गं?" ती रडत म्हणाली, आणि ते खरंच होतं. थोरलीनं दंड सोडवून घेतला. पिंपापाशी मिस्त्री फावडं घेऊन उभा होता, टोला त्यानंच मारला होता. तिनं हात पुढं केला. मग त्यानं फावड्यावरची पकड सैल केली. दिलं असं नाही, पण तिनं घेतलं तेव्हा धरूनही ठेवलं नाही.

तिनं टोला मारला. दुसरा मारला. तिसरा मारला.

भोकातून पोरं बाहेर येऊ लागली. रांगत, उन्हाला डोळे चोळत, गुडघे झटकत. जीप अजून उभी पाहून ती जागच्या जागी थबकली. ती मोठी मुलगी गोळूला घेऊन आली. त्यानं आई पाहिली आणि हात पसरून भोकाड पसरलं. धाकटी मटकन खाली बसली. बांबूनं रस्त्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली, तेव्हा जीपला टेकलेला हवालदार सरळ उभा राहिला.

बाई त्या भोकाकडे बघत होती.

"इथंच होती ती त्या दिवशी," थोरली म्हणाली. "मीच ढकलली होती आत. तुमच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तुम्ही हात टेकलात, तेव्हा तुमच्या हाताच्या पलीकडं ती होती. फटीतून तिनं तुमचा पाय पाहिला. तिला हसू आलं होतं. पण हसली नाही."

  बाईनं गोळूला त्या मुलीच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं आणि तो रडत असतानाच छातीशी धरून उभी राहिली.

"झालं ना समाधान?" मुकादम म्हणाला. "आता उचला आपापली गाडगीमडकी." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. बायका आपापली पोरं ओढून घेत होत्या, कुणी थोरलीला शिव्या देत होती, कुणी नुसतीच रडत होती. अकरांतली दहा पोरं आणि गोळू, सगळी बाहेर आली होती. 'घर' रिकामं झालं होतं. वाऱ्यानं उघड्या भोकातून थोडी धूळ आत गेली.

थोरली अजून तिकडेच बघत होती. ठिपकी नेहमी शेवटी यायची.

तिनं फावडं उचललं आणि पुन्हा तीन टोले मारले.